लाइनमन पारखताना: हरलेल्या डावांची वही

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाची अमेरिकन फुटबॉलशी ओळख बहुतेकदा एखाद्या कॉलेजच्या गावात होते. ॲन आर्बर, कोलंबस, ऑस्टिन, कॉलेज स्टेशन अशा गावांत मोसमातल्या शनिवारी दुसरा विषयच नसतो. ॲन आर्बरच्या मैदानात तर एका वेळी लाखाहून जास्त माणूस बसतो. पहिला मोसम गर्दी बघण्यात जातो, दुसरा चेंडूमागे डोळे फिरवण्यात. मग एप्रिलच्या शेवटी टीव्हीवर एनएफएलचा ड्राफ्ट लागतो. बत्तीस व्यावसायिक संघ सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडून घेतात. पहिल्या दहा-पंधरा नावांत काही आडदांड गडी असे निघतात, ज्यांचं नाव समालोचकाच्या तोंडून आपण वर्षभर क्वचितच ऐकलेलं असतं. हे लाइनमन.

हा लेख त्यांना पारखायला शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी प्रशिक्षक असावं लागत नाही. वही, पेन, सामन्याचं रेकॉर्डिंग आणि चेंडूवरून नजर काढायची तयारी एवढं पुरतं. माझं सगळं सांगणं एका वाक्यात मावतं: लाइनमन कसा हरतो आणि हरल्यानंतरच्या डावात काय करतो, ते लिहून ठेवा. कॉलेजातला चांगला लाइनमन बहुतेक डाव जिंकतोच, कारण समोरचे बरेचसे गडी त्याच्या तोलाचे नसतात. व्यावसायिक मैदानावर मात्र दर आठवड्याला तोलामोलाचा गडी समोर येतो. तिथे याचं काय होईल, याचा सुगावा त्याच्या कॉलेजातल्या हरलेल्या डावांतच लागतो.

कोण कुठे उभा आहे

आक्रमण करणाऱ्या संघाची भिंत पाच जणांची. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही कडांना टॅकल. या पाचांच्या पाठीवर 50 ते 79 मधले क्रमांक असतात, म्हणून ते चटकन सापडतात. सेंटर चेंडू पायांमधून मागे देतो. त्याला म्हणतात स्नॅप. स्नॅपच्या आधी समोरची मांडणी वाचून कोणी कोणाला धरायचं याचे इशारेही बहुधा तोच करतो. गार्डची झुंज आतल्या चिंचोळ्या जागेत, जाडजूड गड्यांशी. टॅकल कडेला एकटा, आणि प्रतिपक्षाचे सगळ्यात चपळ हल्लेखोर त्याच्याच अंगावर येतात. पास फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. तो उजव्या हाताने फेकत असेल तर त्याची पाठ डावीकडे असते. त्याला न दिसणारा मार तिकडून येतो, म्हणून डाव्या टॅकलचं मोल पूर्वीपासून जास्त.

बचाव करणाऱ्या बाजूलाही लाइन असते. आत नोज टॅकल आणि डिफेन्सिव्ह टॅकल, कडेला क्वार्टरबॅकवर धावून जाणारे एज रशर. आतले गडी साधारण 290 ते 340 पौंडांचे, म्हणजे 130 ते 155 किलोंचे. कडेचे त्याहून बरेच हलके आणि वेगवान.

चार सामने, एकच गडी

पहिला नियम: एका सामन्यात एकच गडी बघायचा. दोघांना बघायला गेलात की नजर पुन्हा चेंडूमागे पळते.

दुसरा नियम: कोणते चार सामने बघायचे ते विचारपूर्वक ठरवा. एक त्याच्या मोसमातल्या सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा. एक परक्या मैदानावरचा, जिथे प्रेक्षकांच्या गोंगाटात इशारे ऐकू येत नाहीत. एक, ज्यात तो वाईट खेळल्याची चर्चा झाली असा. आणि एक मोसमाच्या शेवटचा, जेव्हा अंग दुखत असतं आणि दम संपत आलेला असतो. नेत्रदीपक क्षणांच्या चित्रफिती या कामाला निरुपयोगी आहेत. त्यात फक्त जिंकलेले डाव असतात.

बरोबरीच्या गड्याविरुद्धचा एक सामना किती वजनदार असतो, याचं उदाहरण म्हणजे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा टॅकल रशॉन स्लेटर. कोविडच्या साथीमुळे तो 2020 चा मोसम खेळलाच नाही. संघांच्या हाती राहिले ते 2019 चे आणि त्याआधीचे सामने. त्यांतला ओहायो स्टेटच्या चेस यंगसमोरचा सामना पारखणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला, कारण यंग त्या वर्षी देशातला सगळ्यात धोकादायक रशर मानला जात होता. वर्षभर मैदानाबाहेर राहिलेल्या स्लेटरला चार्जर्स संघाने 2021 च्या ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर घेतलं, आणि पहिल्याच मोसमात तो प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत, निवडला गेला.

घरच्या टीव्हीवर लाइन बघणं सोयीचंही आहे. झेल घेणारे खेळाडू धावत चौकटीबाहेर जातात, पण स्नॅपच्या क्षणी लाइन नेहमी पडद्याच्या मध्यावर असते. प्रत्येक डाव मागे नेऊन तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा हात, तिसऱ्यांदा निकाल. गोलरेषेच्या मागच्या कॅमेऱ्यातून पुनर्दृश्य दाखवलं तर ते सोडू नका. लाइनमनमधली फट आणि पावलांची रुंदी तिथूनच नीट दिसते.

वहीत पाच रकाने आखा: डावाचा क्रमांक, पास की धाव, समोर कोण, निकाल आणि कारण. निकाल तीनच: जिंकला, बरोबरी, हरला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा: पाय, कंबर, हात, डोळे, ताकद किंवा दम. एका सामन्यात साठ-सत्तर डाव धरले तर चार सामन्यांत अडीचशेच्या आसपास नोंदी होतात. त्यांत हरलेले डाव थोडे निघतील. ते वेगळ्या पानावर उतरवून घ्या. पुढचा सगळा विचार त्या पानावर करायचा आहे.

पास वाचवताना काय बघायचं

क्वार्टरबॅक पास देणार असेल तर लाइनमनला मागे सरकत, समोरच्याला अडवत, दोन-तीन सेकंद काढायची असतात. टॅकल बाहेरचा पाय मागे टाकत आणि आतला ओढत जातो. ही चाल सरपटल्यासारखी, एका पातळीत हवी. डोकं वर-खाली होत असेल तर तो पावलं टाकण्याऐवजी उड्या मारतो आहे, आणि पाय हवेत असतानाच चतुर रशर धक्का देतो. दोन्ही पावलं एकमेकांजवळ आली किंवा एकमेकांवरून गेली, तर लगेच नोंद करा. हारीची सुरुवात तिथे होते.

मग कंबर. चांगला लाइनमन गुडघ्यांत आणि नितंबांत बसतो, पाठ सरळ ठेवतो. कच्चा लाइनमन कंबरेतून पुढे वाकतो. पुढे वाकलेल्याचा तोल समोरच्याच्या हातात जातो आणि एका झटक्यात तो तोंडावर पडतो. कुस्ती पाहिलेल्या मराठी डोळ्याला हे शिकवावं लागत नाही. खडाखडीत कोणाचा पवित्रा खाली आहे, कोण टाचांवर गेला, कोणाचा भार पुढे झुकला, हे आपण आखाड्याच्या कडेला बसून बघतच आलो आहोत. लाइनच्या खेळात तीच नजर लागते.

हे साम्य वरवरचं नाही. अमेरिकेतले अनेक लाइनमन शाळेत कुस्ती खेळलेले असतात, आणि पारखणारे ती गोष्ट आवर्जून नोंदवतात. स्टीव्हन नील 1999 मध्ये कुस्तीचा जागतिक विजेता झाला. तो कॉलेजात फुटबॉल खेळलेलाच नव्हता, तरी न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला घेतलं, गार्ड म्हणून घडवलं, आणि सुपर बोल जिंकणाऱ्या संघात तो खेळला. आयोवा विद्यापीठाचा टॅकल ट्रिस्टन वर्फ्स शाळेत असताना राज्याचा हेवीवेट विजेता होता. 2020 मध्ये टँपा बेने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच आयोवाच्या टायलर लिंडरबॉमने शालेय कुस्तीत या वर्फ्सला हरवलं होतं. लिंडरबॉम अंगाने त्याच्यापेक्षा बराच लहान, हातांची लांबी जेमतेम 31 इंच. तरी 2022 मध्ये बाल्टिमोरने त्याला पहिल्या फेरीत घेऊन सेंटरची जागा दिली. उंचीचा आणि लांबीचा तोटा पवित्र्याने भरून काढता येतो, हे त्याच्या खेळात स्पष्ट दिसतं.

तिसरी गोष्ट हात. ते कधी सुटतात आणि कुठे बसतात, दोन्ही बघा. पंजे समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूला बसले तर पकड पंचांच्या नजरेत येत नाही आणि ताकद पूर्ण लागते. बाहेरून खांद्यांना विळखा पडला तर होल्डिंगचा इशारा आणि दहा यार्डांचा दंड जवळ आला म्हणून समजा. हात फार लवकर सुटले तर रशर ते झटकून टाकतो, उशिरा सुटले तर तो आधीच छातीत शिरलेला असतो.

शेवटी डोळे. बचाव करणारे दोघं कधी कधी जागांची अदलाबदल करतात. एक तिरका आत घुसतो, दुसरा त्याच्या मागून वळसा घालून येतो. याला स्टंट म्हणतात. अशा वेळी गार्ड आणि टॅकलने आपापला गडी एकमेकांच्या हवाली करायचा असतो. तुमचा गडी पहिल्याच्या मागे वाहवत गेला, की मान वर ठेवून दुसऱ्याची वाट बघत थांबला? एका सामन्यात असे चार-पाच प्रसंग येतात. त्याची खेळाची समज तिथे कळते.

धावेसाठी वाट काढताना

इथे सुरुवात आक्रमक असते. स्नॅप होताच पहिलं पाऊल कुठे पडलं, दुसरं पाऊल टक्कर होण्याआधी जमिनीला लागलं का, आणि टक्कर झाल्यावर पाय चालत राहिले का, हे तीन प्रश्न पुरतात. धडक जोरात बसली पण पाय थांबले, तर समोरचा गडी अर्ध्या सेकंदात सुटून धावणाऱ्याला पकडतो. अशा डावाला मी जिंकलेला म्हणत नाही.

संघाची पद्धत ध्यानात घ्या. काही संघांत पूर्ण लाइन एकाच दिशेला सरकते आणि जो वाटेत येईल त्याला अडवते. तिथे चपळ, हलके पाय लागतात. काही संघांत ठरलेला गडी ठरलेल्या माणसाला ढकलतो आणि गार्ड लाइनच्या मागून धावत दुसऱ्या बाजूला जाऊन धडकतो. तिथे वजन आणि जोर लागतो. एका पद्धतीत शोभणारा गडी दुसरीत अवघडून जाऊ शकतो. तो कोणत्या पद्धतीत हरतो, तेही लिहा.

आणखी एक कसोटी दुसऱ्या फळीची. आतल्या लाइनमनला बऱ्याचदा शेजाऱ्याच्या मदतीने आधी एकाला ढकलायचं आणि मग पुढे सरकून बचावाच्या लाइनमागच्या लाइनबॅकरला गाठायचं असतं. हलत्या माणसाला मोकळ्या जागेत अडवणं फार कठीण. तिथे तो नुसता धावत सुटतो की पावलं आखडती घेऊन तोल सावरतो, ते बघा.

बचावातला गडी: सॅक मोजू नका, तपासा

क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं की सॅक होतो, आणि आकडेवारीत तोच झळकतो. पण सगळे सॅक सारखे नसतात. प्रत्येक सॅक बघून तीन गटांत टाका. पहिला, समोरच्याला सरळ हरवून मिळवलेला. दुसरा, कोणी अडवलंच नाही म्हणून मिळालेला. तिसरा, क्वार्टरबॅक चेंडू धरून बसला आणि हा पाच सेकंदांनी पोचला असा. पहिल्या गटातले किती निघतात त्यावर भिस्त ठेवा. उलट, सॅक न मिळालेले पण क्वार्टरबॅकला घाईत फेकायला लावलेले डावही मोजा. त्यांची नोंद वर्तमानपत्रात येत नाही, तुमच्या वहीत यायला हवी.

मग बघा पहिलं पाऊल. चेंडू हलताच तो हलतो, की शेजारी हलल्यावर? हातांची करामत बघा: समोरच्याचे हात खाली झटकणं, वरून पोहल्यासारखा हात फिरवणं, खालून काख फाडत जाणं, एक हात ताठ करून छातीवर रोवणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला डाव फसल्यावर दुसरा आहे का? डावाला प्रतिडाव नसलेला रशर कॉलेजात चालून जातो. व्यावसायिक टॅकल त्याचा एकमेव डाव दोन आठवड्यांत पाठ करतो.

कडेच्या रशरमध्ये वळणाची कला शोधा. टॅकलला वळसा घालताना तो पूर्ण वेगात आतल्या बाजूला कलू शकतो का, घोटा आणि कंबर त्याला साथ देतात का? हे कमी जणांत असतं आणि फारसं शिकवता येत नाही. आतल्या गड्यात उलटं बघा. दोघं मिळून त्याला ढकलतात तेव्हा तो जागा सोडतो का? गुडघा टेकवून, खांदा फिरवून, तीच जमीन धरून ठेवणारा नोज टॅकल आकडेवारीत शून्य दिसतो, पण त्याच्यामागचे लाइनबॅकर त्याच्यामुळेच मोकळे राहतात.

पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड ही या सगळ्याची शाळाच. उंची सहा फुटांच्या किंचित वर, वजन 285 पौंड. आतल्या गड्यासाठी हे लहान माप. पण 2013 च्या मोसमात तो ज्या वेगाने फटीत शिरत होता, हात झटकत होता आणि दोघांमधून निसटत होता, ते व्हिडिओत सरळ दिसत होतं. ड्राफ्टआधी मोबील शहरात होणाऱ्या सीनियर बोल या सामन्याच्या सरावात एकास एक झुंजींत त्याने भल्याभल्यांना हरवलं, आणि कंबाइन या ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत 40 यार्ड 4.68 सेकंदांत धावला. रॅम्सने त्याला 2014 मध्ये तेराव्या क्रमांकावर घेतलं. पुढे तीनदा तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. उंचीमुळे त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्यांनी त्याचे हरलेले डाव मोजले असते, तर उंचीमुळे हरलेले किती थोडे आहेत हे त्यांना दिसलं असतं.

फूटपट्टी, घड्याळ आणि वजनकाटा

दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन भरतं. तीनशेच्या वर खेळाडू येतात. त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजा मोजतात. ते धावतात, उड्या मारतात, 225 पौंडांचा म्हणजे 102 किलोंचा बार छातीवरून उचलतात. चाहत्यांना ही जत्रा वाटते, पण तिचा मूळ उद्देश वैद्यकीय तपासणीचा होता आणि आजही संघांना ती तपासणी सगळ्यात मोलाची वाटते.

लाइनमनसाठी यातलं काय घ्यायचं? चाळीस यार्डांच्या पूर्ण धावेपेक्षा पहिल्या दहा यार्डांची वेळ बघा, कारण लाइनमन सरळ चाळीस यार्ड क्वचितच धावतो. उभी आणि लांब उडी बघा. कंबरेखालचा स्फोट त्यात दिसतो. दिशा बदलत धावायच्या शटल आणि थ्री-कोन चाचण्यांतून गुडघे-घोट्यांचा लवचीकपणा कळतो. बार किती वेळा उचलला त्याला फार भाव देऊ नका. 2011 मध्ये स्टीव्हन पेआने तो 49 वेळा उचलला, पण लाइनमध्ये ताकद पायांतून आणि पवित्र्यातून येते, बाकावर झोपून नाही.

हाताची लांबी मात्र लक्षात ठेवा. टॅकलसाठी 33-34 इंच ही सर्वसाधारण अपेक्षा. हात आखूड असेल तर समोरचा आधी छातीला भिडतो. पण यातून निघणारा निर्णय ‘नको’ असाच असेल असं नाही. बऱ्याचदा तो ‘जागा बदला’ असा असतो. नोत्र दामचा डावा टॅकल झॅक मार्टिन 33 इंचांहून किंचित आखूड हातांचा. डॅलसने 2014 मध्ये त्याला सोळाव्या क्रमांकावर घेऊन गार्ड केलं, आणि तो नऊ वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला.

आकडे आणि व्हिडिओ यांचं पटलं नाही, तर पुन्हा व्हिडिओकडे जा. बोस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने 1995 च्या कंबाइनसाठी त्या चाचण्यांचीच खास तयारी केली आणि सगळ्यांना थक्क केलं. ईगल्स संघाने टँपा बेशी क्रमांकांची अदलाबदल करून, वर सरकून त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. त्या व्यवहारात टँपा बेला बारावा क्रमांक मिळाला. त्यावर त्यांनी वॉरन सॅपला घेतलं, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. मामुला वाईट खेळाडू नव्हता, पण त्या किमतीचाही नव्हता. उलट उदाहरण ओक्लाहोमाच्या ओरलँडो ब्राउनचं. 2018 मध्ये तो 40 यार्ड 5.85 सेकंदांत धावला, बार फक्त 14 वेळा उचलला, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला. पण कॉलेजातल्या त्याच्या सामन्यांत प्रचंड लांब हातांपुढून पुढे जाणं रशरना जमत नव्हतं, आणि व्यावसायिक मैदानावरही जमलं नाही. तो चारदा प्रो बोलसाठी निवडला गेला.

कॉलेजची पद्धत व्यावसायिक नाही

कॉलेजात अनेक संघ झटपट पास आणि धाव-पासचा मिश्र डाव खेळतात. पास होण्याआधी लाइनमनला कॉलेजात तीन यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये फक्त एक. त्यामुळे कॉलेजात लाइनमन धावेसाठी पुढे घुसतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. त्याला खरा पास-बचाव करावाच लागत नाही. अशा गड्याचे डाव मोजताना क्वार्टरबॅकने चेंडू दीड सेकंदात सोडला ते सगळे वेगळे काढा. उरलेले, सरळ पास-बचावाचे डाव कितीही थोडे असोत, निर्णय त्यांवर करा. तिसऱ्या प्रयत्नात सात-आठ यार्ड हवे असतात तेव्हाचे डाव त्यासाठी उत्तम, कारण पास येणार हे तेव्हा दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

लहान कॉलेजातला खेळाडू असेल तर मोठ्या संघाविरुद्धचे त्याचे एक-दोन सामने शोधा. लाखाचं मैदान असलेल्या ॲन आर्बरपासून थोड्याच अंतरावर इप्सिलँटी आहे. तिथल्या ईस्टर्न मिशिगनचा मॅक्स क्रॉस्बी 2019 मध्ये चौथ्या फेरीत, 106 व्या क्रमांकावर गेला, आणि आज तो एनएफएलच्या नावाजलेल्या रशरपैकी आहे. शेवटच्या मिनिटापर्यंत न थकता मागे लागायची त्याची सवय लहान मैदानावरही दिसत होती.

वय, दुखापती आणि बदललेली कॉलेजंही नोंदवा. चोवीस वर्षांच्या गड्याने एकोणीस वर्षांच्या पोराला ढकललं, तर त्यातली किती ताकद आणि किती कला, हा प्रश्न विचारायलाच हवा. पाठ, गुडघा आणि पाऊल यांच्या जुन्या दुखण्यांनी किती सामने बुडाले, ते जाहीर नोंदींत मिळतं.

हारीचे तीन खण

आता ते वेगळं पान उघडा. प्रत्येक हरलेला डाव तीनपैकी एका खणात टाका.

पहिला खण शिकवून सुटणाऱ्या चुकांचा: हात उशिरा सुटणं, नजर चुकीच्या गड्यावर असणं, पाऊल चुकीच्या कोनात पडणं. दुसरा वेळ आणि मेहनत मागणाऱ्या उणिवांचा: कमी वजन, कमी ताकद, सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात तुटणारा दम. तिसरा न बदलणाऱ्या गोष्टींचा: आखूड हात, जड पाय, ताठर कंबर. पहिला खण भरलेला असेल तर घाबरू नका. तिसरा भरलेला असेल तर कितीही जिंकलेले डाव असोत, सावध व्हा.

जॉर्डन मेलाटा 2018 मध्ये ईगल्सने 233 व्या क्रमांकावर घेतला तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा. शिकवता येण्यासारखं सगळं त्याला शिकायचं होतं, आणि जे शिकवता येत नाही ते सगळं त्याच्यापाशी होतं: उंची, लांबी, एवढ्या देहाला न शोभणारी चपळाई. चांगल्या वस्तादाच्या हाताखाली तो सुपर बोल जिंकणारा डावा टॅकल झाला. त्याच संघाचा जेसन केल्सी दुसऱ्या टोकाचा. 280 पौंडांच्या आसपासचा, कॉलेजात शिष्यवृत्तीशिवाय आलेला, 2011 मध्ये सहाव्या फेरीत 191 वा. वजनाची उणीव कायम राहिली, पण सेंटरला लागणारी चपळाई आणि समज त्याच्याकडे इतकी होती की ती उणीव क्वचितच डाव हरवायची.

आणि हारीचं पान कोरं असेल तर? तेव्हा जिंकण्याचं कारण तपासा. मिशिगन स्टेटचा टॅकल टोनी मँडरिच कॉलेजात समोरच्यांना अक्षरशः उचलून फेकायचा. 1989 मध्ये ग्रीन बेने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षीच्या पहिल्या पाचांतले बाकी चौघं हॉल ऑफ फेममध्ये आहेत; तो तिथवर पोचला नाही. कॉलेजात स्टेरॉइड घेत असल्याचं त्याने 2008 मध्ये स्वतः मान्य केलं. ज्याच्याकडे जिंकायची एकच रीत आहे आणि ती केवळ बळाची आहे, त्याच्याबद्दल प्रश्न विचारणं हे पारखणाऱ्याचं काम आहे.

अहवाल कसा लिहावा

शेवटी एका पानाचा अहवाल लिहा. क्रम असा: तो कोणत्या जागी खेळेल, कोणत्या पद्धतीच्या संघात शोभेल, त्याची न बदलणारी बलस्थानं, हारीची दोन मुख्य कारणं आणि त्यांचा खण, मोजमापांनी व्हिडिओला दुजोरा दिला का, आणि कोणती फेरी योग्य. ‘मेहनती’, ‘दमदार’ असे शब्द आले तर पुढे डावाचा क्रमांक लिहायची सक्ती स्वतःवर करा. कोणत्या सामन्यात, कोणत्या डावात दिसली मेहनत? क्रमांक सापडला नाही तर तो शब्द खोडा.

अहवाल जपून ठेवा आणि तीन वर्षांनी उघडा. आपण कोणती उणीव तिसऱ्या खणात टाकली होती जी खरं तर पहिल्यातली निघाली, ते शोधा. इथे शिकणं असंच होतं.

येत्या शनिवारी सुरुवात करायची तर मोठा बेत आखू नका. 50 ते 79 मधला एक क्रमांक निवडा आणि पहिले दहा डाव फक्त त्यालाच बघा. कधीतरी तो हरेल. रशर त्याच्या बाहेरून निसटून क्वार्टरबॅकला पाडेल. सगळं मैदान त्या पडलेल्या क्वार्टरबॅककडे बघत असेल. तुम्ही तुमच्या गड्यावरून नजर हलवू नका. तो पुढच्या डावाला लाइनवर येईल, आणि कदाचित बाहेरचं पाऊल आधीपेक्षा वीतभर मागे ठेवून उभा राहील. ते पाऊल दिसलं की वहीत लिहा. त्या दिवशी तुम्हाला लाइनमन बघता आला.